दस्तगीर चाचांची सात घरं

"म्हणजे घर न बघताच सांगणार तुम्ही?" सन्मती मगदूमने विचारलं.

दस्तगीर चाचा टेम्पोची काच पुसत होते. ते पुसत राहिले.

मिरजेत एकतीस वर्षं त्यांनी लोकांचं घरसामान हलवलं होतं. या घरातून त्या घरात, या पेठेतून त्या पेठेत. कपाटं, पलंग, तुळशीची कुंडी, देव्हारा, पाळणा. कोण कुठून उठलं आणि कुठे जाऊन बसलं, हे त्यांच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या कमाईतून त्यांनी एकेक करत सात घरं घेतली. सातही भाड्याने दिलेली. त्यातलं एकही घर पंधरा दिवसांच्या वर रिकामं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

म्हणून हातात पैसा आलेली माणसं स्टेशनजवळच्या टेम्पो स्टँडवर यायची आणि विचारायची, चाचा, कुठे घेऊ? चाचा सल्ल्याचं काही घेत नसत. उलट प्रश्न मात्र विचारत. त्यामुळे दुसऱ्यांदा येणारे थोडेच.

सन्मती पुण्याला इंजिनिअर होता. वय पस्तीस. वडील गेल्याला वर्ष झालं होतं. त्यांच्या फंडाची आणि विम्याची रक्कम आईच्या नावावर पडून होती आणि आईने, विमलबाईंनी, एकच गोष्ट ठरवली होती. एक घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं आणि त्यावर आपलं आपण जगायचं. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई. पेन्शन नव्हती. मुलाकडे पुण्याला जायची इच्छा नव्हती आणि दर महिन्याला त्याच्यापुढे हात पसरायचा नव्हता.

ही रक्कम बुडाली, तर दुसरी नव्हती.

चाचांना विचारून ये, असं आईनेच बजावलं होतं. मगदुमांचं सामान चाचांनी तीनदा हलवलं होतं. सन्मती आला तो आईचं मन राखायला. त्याचं ठरलेलं होतं.

त्याच्याजवळ फाइल होती. तीन जागा, प्रत्येकीचा तक्ता, पाच वर्षांत भाव कुठे जाईल याचा आलेख. त्यातली एक जागा त्याने निवडली होती. बायपासजवळ नीलगंगा हाइट्स, बी विंग, चौथा मजला. लिफ्ट, बाग, व्यायामशाळा. सोमवारी बुकिंग करायचं होतं. चाचांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

चाचांनी फडकं झटकलं.

"त्या घरातनं शेवटचा माणूस का गेला?"

"चाचा, इमारत नवीन आहे. बी विंगचं काम चालू आहे अजून. कुणी राहिलेलंच नाही."

"ए विंगमधनं?"

"तिथे लोक राहतात. दोन वर्षं झाली."

"त्यातली कोण गेली? का गेली?"

सन्मतीने फाइल मिटली. ते कसं कळणार, असं तो म्हणाला. ती माहिती कुठे मिळत नाही.

चाचांनी फडकं टेम्पोच्या आरशाला अडकवलं.

"उद्या सकाळी सातला ये. जुनी कापडं घालून."

*

सकाळी स्टँडवर चाचा एकटेच होते. त्यांचा नेहमीचा हमाल यल्लाप्पा पुतणीच्या लग्नाला जतला गेला होता. चाचांनी सन्मतीला शेजारी बसायची खूण केली.

टेम्पो बायपासला लागला आणि सन्मतीला बरं वाटलं. चाचा जागा बघायला निघाले असावेत. नीलगंगा हाइट्सची कमान दिसली, तेव्हा त्याने कारंजं दाखवलं, बाग दाखवली, बी विंगचं बांधकाम दाखवलं. चाचांनी टेम्पो ए विंगच्या दाराशी मागे घेतला आणि ते जिना चढू लागले. लिफ्टवर 'बंद आहे' असा कागद होता. कागद पिवळा पडला होता.

तिसऱ्या मजल्यावर सामान बांधून ठेवलेलं होतं.

घर मंजुळा हिप्परगी नावाच्या नर्सचं होतं. विजापूरकडची. मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स, सोबत म्हातारी आई. आई भिंतीला टेकून बसली होती. सगळी सकाळ तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

तेव्हा सन्मतीच्या लक्षात आलं की चाचा जागा बघायला आले नव्हते. लोखंडी कपाटाच्या एका बाजूला चाचा उभे होते आणि दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं.

त्याने कपाट उचललं.

तीन मजले. मग पलंग, मग धान्याचे डबे, मग गॅस. तिसऱ्या फेरीला त्याचा शर्ट पाठीला चिकटला. मंजुळाने त्याला पाणी दिलं आणि चाचांकडे नवीन लागलात का, असं विचारलं. तो हो म्हणाला.

मग त्याने तिला विचारलं, एवढी छान जागा का सोडता?

जागा छानच आहे, ती म्हणाली. वारा फार चांगला. पण दुसरी पाळी संपली की इकडे रिक्षा येत नाही, नाक्यावर उतरून चालत यावं लागतं. फेब्रुवारी लागला की टँकर. आणि आई दिवसभर एकटी. कुणी दाराची कडी वाजवत नाही.

"आणि हे बघा," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात नळाखाली बादली होती. नळ थेंब थेंब गळत होता.

"चार महिने झाले. मालकांना दोनदा फोन केला. पुढच्या वेळी आलो की बघतो म्हणाले. पुण्यात असतात ते."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने बादली शेवटची रिकामी केली, पुसली आणि सामानात ठेवली.

सन्मतीने नळ घट्ट पिळून पाहिला. तोही पुण्यात असायचा.

नवीन घर दवाखान्याच्या मागच्या बाजूला होतं, मुरगूडकर बोळात. टेम्पो बोळात शिरेना, म्हणून सगळं सामान तोंडापासून वाहून न्यावं लागलं. दोन खोल्या. खिडकी उघडली की समोर शेजाऱ्याची भिंत. भिंतींचा रंग कुठला होता ते सांगता येत नव्हतं. या जागेला आपण तक्त्यात ओळसुद्धा दिली नसती, असं सन्मतीला वाटलं.

तो डोक्यावर गादी घेऊन आत येत होता. समोरच्या ओट्यावर एक बाई कोथिंबीर निवडत होती. तिने मंजुळाच्या आईकडे पाहिलं आणि कानडीत काहीतरी विचारलं.

म्हातारी थांबली. मग तिथेच पायरीवर बसली आणि बोलू लागली. गावाचं नाव, नदीचं नाव, कुणाकुणाची नावं. समोरची बाई कोथिंबीर घेऊन तिच्या पायरीवर आली.

सन्मतीची वाट अडली होती. गादी डोक्यावर धरून तो तसाच उभा राहिला. बाजूला व्हा म्हणायला त्याचं धाडस झालं नाही.

स्टँडवर परतल्यावर चाचांनी हातपाय धुतले. सन्मतीने विचारलं, मग नीलगंगाचं बुकिंग करू नको ना?

"मी कुठं काय म्हणालो?" चाचा म्हणाले.

संध्याकाळी आईने विचारलं, काय म्हणाले चाचा?

"काही नाही म्हणाले."

"मग दिवसभर काय केलंस?"

"गादी उचलली."

सोमवारी त्याने बुकिंग केलं नाही.

*

दोन महिन्यांनी तो पुन्हा स्टँडवर आला. या वेळी त्याची चाल वेगळी होती.

शनिवार-रविवारी पुण्याहून येऊन त्याने दवाखान्याभोवतीचा सगळा भाग पायाखाली घातला होता. कुठे महापालिकेचं पाणी किती वाजता येतं, कुठली रिक्षा कुठवर येते, किराणा कुठे, कुठल्या गल्लीत पावसाचं पाणी साठतं. आणि एक घर त्याला सापडलं होतं. दवाखान्यापासून चालत सात मिनिटं. वकिलाने तीस वर्षांचे कागद तपासले होते, कुठे खोट नव्हती. दोनदा तो रात्रपाळीच्या वेळेला जाऊन दिवे लागतात का, तेही पाहून आला होता.

कागद चाचांच्या हातात देऊन त्याने हे सगळं सांगितलं. आपण आता बरोबर आहोत, हे त्याला माहीत होतं. चाचा ऐकत होते आणि मधूनमधून मान हलवत होते. त्यातलं एकही चुकीचं नव्हतं.

"कुणासाठी?" चाचांनी विचारलं.

"म्हणजे?"

"राहणार कोण तिथं?"

सन्मती हसला. "कुणीही मिळेल, चाचा. अशा जागेला रांग लागते."

चाचांनी कागद मिटले.

"कुणीही राहणार असंल, तर घरबी कुठलंही घे."

त्यांनी कागद त्याच्या हातात परत दिले, टेम्पो सुरू केला आणि ते सामानाच्या फेरीला निघून गेले.

सन्मती चिडला. घरी येऊन त्याने आईला सांगितलं की म्हाताऱ्याला कोड्यात बोलायची सवय आहे, आपण घर घेऊन टाकू. विमलबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, घर माझ्या पैशाचं, भाडं मला मिळणार आणि राहणाऱ्या माणसाशी बोलायचं मला. तू दोन महिने फिरलास. आता आठ दिवस मी फिरते.

दुसऱ्या दिवसापासून त्या दुपारी दवाखान्याच्या आवारात जाऊन बसू लागल्या. पाळी बदलताना नर्सेस चहाला येत. विमलबाईंना मुलींशी बोलायची तीस वर्षांची सवय होती. पहिल्या दिवशी त्यांनी नुसती चौकशी केली. तिसऱ्या दिवशी मुली आपणहून त्यांच्या बाकावर येऊन बसू लागल्या. त्यांतल्या दोघी शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकून गेलेल्या निघाल्या.

विमलबाईंना कळलं ते असं. सगळ्यांना घर जवळ हवं होतं, पण त्यावर कुणी फार बोलत नव्हतं. कपडे वाळत घालायला आडोसा हवा होता, जिथे रस्त्यावरच्या माणसाची नजर पडणार नाही. न्हाणीघर आणि संडास आत हवा होता. रात्रपाळीनंतर सकाळी झोपायचं असतं, म्हणून शेजारी दळणाची गिरणी नको होती. आणि दार आपलं वेगळं हवं होतं. उशीर झाला की मालकाच्या अंगणातून मान खाली घालून जायचा त्यांना कंटाळा आला होता.

सन्मतीने निवडलेल्या घराला संडास मागच्या अंगणात होता. खोल्या वरच्या मजल्यावर होत्या आणि जिना खाली राहणाऱ्या मूळ मालकाच्या ओसरीतून जात होता.

"सात मिनिटं बरोबर मोजलीस," आई म्हणाली. "मी मुलींना विचारलं. त्या म्हणाल्या, हवं तर आम्ही पंधरा मिनिटं चालू, पण त्या ओसरीतून नको."

ते घर सुटलं.

जे मिळालं ते सन्मतीला मनापासून आवडलं नव्हतं. तळमजला, तीन खोल्या, बुटकं, दर्शनी भाग ओबडधोबड. दार दक्षिणेला. त्या एका गोष्टीमुळे ते आठ महिने विकायला पडून होतं. येणारं गिऱ्हाईक दारात उभं राहून सूर्य कुठे आहे ते बघायचं आणि परत जायचं. पण मागे पुरुषभर उंच भिंतीचं परसू होतं आणि दुपारपर्यंत तिथे ऊन पडत होतं. विमलबाई दोन मुलींना घेऊन आल्या. त्या दोघी दार कुठल्या दिशेला आहे ते न बघता थेट मागे गेल्या आणि दोरी कुठून कुठे बांधता येईल ते बोलू लागल्या.

सन्मती ओट्यावर उभा होता. त्यांचं बोलणं त्याला बाहेर ऐकू येत होतं. आपण काही सांगायला आत जावं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

तो स्टँडवर गेला. गुरुवारी खरेदीखत आहे, असं त्याने चाचांना सांगितलं.

"राहणार कोण?"

"रेखा कांबळे आणि ग्रेसी भोरे. रेखा ऑपरेशन थिएटरला असते, ग्रेसी बाळंतिणींच्या वॉर्डला. ग्रेसीला रात्रपाळीनंतर रस्त्याच्या आवाजात झोप लागत नाही, म्हणून तिला मागची खोली. पडदे त्या आणणार आहेत. आम्ही न्हाणीघराचा दिवा आणि मागच्या दाराला आतून कडी बसवतोय."

चाचांनी पलीकडच्या गाड्याकडे पाहून दोन बोटं वर केली.

दोन चहा आले. इतक्या महिन्यांत चाचांनी त्याला चहा पाजला तो पहिल्यांदाच.

*

तीन वर्षं गेली.

पहिल्या पावसाळ्यात मागच्या खोलीत ओल आली. निरोप सकाळी आला आणि दुपारच्या आत विमलबाई गवंड्याला घेऊन दारात हजर झाल्या. पुढच्या वर्षी रेखाचं लग्न ठरलं. ती गेली, पण जायच्या आधी तिनेच वॉर्डातली दुसरी मुलगी आणून विमलबाईंसमोर उभी केली. सकाळी रेखाचं सामान निघालं, संध्याकाळी नवीचं आलं. दोन्ही फेऱ्या दस्तगीर चाचांच्याच टेम्पोने झाल्या.

विमलबाईंनी पुण्याला हात पसरला नाही. उलट दिवाळीला सुनेला साडी धाडली. दक्षिणेच्या दाराबद्दल त्यांना कुणी टोचलं, की त्या म्हणत, त्या दाराने आत आलेली एकही मुलगी रडत बाहेर गेलेली नाही.

सन्मती आता दुसरं घर घ्यायला निघाला होता, स्वतःच्या शिलकीतून. त्याला काम समजलं होतं आणि ते त्याच्या बोलण्यात दिसत होतं. ऑफिसातले लोक त्याला विचारून जागा बघायचे. त्याच्यापुढे दोन भाग होते. एक दवाखान्याजवळचाच, ओळखीचा. दुसरा कुपवाडच्या रस्त्याला, जिथे कारखान्यांत नवी माणसं येत होती. दोन्हीकडे राहणार कोण, हे त्याने आधी शोधलं होतं, नावांसकट. दोन्ही घरं चांगली होती. पारडं कुठेच झुकत नव्हतं.

स्टँडवर चाचा नव्हते. गुडघा धरलाय, चार दिवस झाले, घरीच आहेत, यल्लाप्पाने सांगितलं.

चाचांचं घर कुठे, हे सन्मतीने कधी विचारलंच नव्हतं. सात घरांचा मालक. त्याने पेढे घेतले आणि पत्ता विचारत नदीवेशीकडे निघाला. कुठलं तरी ऐसपैस दुमजली घर असेल, अशी त्याची समजूत होती.

पत्त्यावर साधं कौलारू घर होतं. दारावर पाटी होती, नरसगोंडा पाटील.

आपण चुकलो, असं वाटून तो मागे फिरणार, तोच आतून एक उंच, वाकलेला म्हातारा बाहेर आला. हातात गरम पाण्याची पिशवी होती. दस्तगीरकडे आलास का, असं त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सन्मतीला बाजूच्या बोळकांडीने मागे नेलं.

मागे दोन खोल्या होत्या. चाचा कॉटवर पाय लांब करून बसले होते. पाटलांनी पिशवी त्यांच्या गुडघ्याखाली सारली, आपल्या घरातून खुर्ची आणून सन्मतीला दिली आणि, काल सांगितलं तरी हा शिडी चढून कौलं बघायला गेला होता, अशी तक्रार करून ते निघून गेले.

सन्मतीने पेढे ठेवले. त्याने खोलीभर नजर फिरवली. चुन्याच्या भिंती. एक ट्रंक. खिळ्यावर खाकी शर्ट. दोन मुली सासरी गेल्या होत्या, चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती, एवढं त्याला माहीत होतं.

आधी त्याने कामाचं विचारलं. दोन्ही घरांची सगळी हकिगत सांगितली. राहणाऱ्यांची नावं सांगितली. घर बरोबर, भाग बरोबर, माणसं बरोबर. आता आणखी काय बघू?

चाचा गुडघा चोळत होते. 

पुढच्या घरातून भांड्यांचा आवाज येत होता. पाटलांनी भिंतीपलीकडून ओरडून विचारलं, पाहुणा जेवणार आहे का, तांदूळ धुतोय.

सन्मतीला राहवलं नाही.

"चाचा... तुम्ही भाड्याने राहता?"

"व्हय. सव्वीस वरसं झाली."

"स्वतःची सात घरं असून?"

चाचांनी गुडघ्याखालची पिशवी सरळ केली.

"काय करू? सोडवत न्हाई," ते म्हणाले. "मालक चांगला हाय."